सात बरोबरच्या खुणा

केळझरात कोणाकडे लग्न असो, साक्षगंध असो की तेरवी, घरचा यजमान कोण ते पाहुण्यांना एखादे वेळी कळत नाही, पण भैयाजी ताकसांडे लगेच ओळखू येतात. मंडपाच्या बासाच्या, म्हणजे बांबूच्या, टोकावर चढलेला, दातांत सुतळी धरलेला, आणि तोंड असं अडलेलं असूनही खालच्या दहा जणांना हुकूम सोडणारा माणूस दिसला की समजावं, हेच ते. चंद्रभान उगेमुगे यांच्या मंडप-बिछायत केंद्रात त्यांची तीस वर्षं गेली. मालक चंद्रभान खरे, पण खुर्च्यांना विचाराल तर त्या भैयाजींचंच नाव सांगतील.

त्यांच्या हाताला एक कसब आहे. अर्ध्या तासात कशाचंही काहीही दिसायला लावतात. एका साक्षगंधात त्यांनी गोठ्याला असा मखमली पडदा लावला की नवरदेवाच्या मामांनी देवघर समजून बाहेरच चपला काढल्या आणि हात जोडले. तेवढ्यात आतून म्हैस ओरडली. मामा म्हणे आणखीच वाकले. हा शेवटचा तुकडा भैयाजी स्वतः सांगतात, तेव्हा त्यात खरं किती आणि झालर किती, ते आपापलं ठरवावं.

जगाची घरं सजवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र दोन खोल्यांचं. वर टिनं, खाली शेणसड्याची जमीन, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर, एक खाट, आणि बिछायतीतून बाद झालेलं तीन पायांचं टेबल. चौथ्या पायाच्या जागी विटा. धाकटी लेक जागृती त्याच टेबलावर बारावीपर्यंत शिकली.

बाकी काही नाही, पण एक गोष्ट भैयाजींच्या मनाला लागून राहिली होती. अकरा वर्षांमागं थोरल्या लेकीला, पौर्णिमेला, पाहायला हिंगणघाटकडचे पाहुणे आले होते. चटईवर बसले, पोहे खाल्ले, आणि निरोप पाठवला, "पोरगी चांगली हाय, पन घरात बसाले खुर्ची नाई." ज्या माणसानं आदल्या दिवशी दुसऱ्याच्या दारात चारशे खुर्च्या मांडल्या होत्या, त्याच्या घरी चार नव्हत्या! मालकाला मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या, पण भैयाजींना संकोच आडवा आला. पुढं पौर्णिमेला चांगलं स्थळ मिळालं. आता समुद्रपूरला सुखात आहे, नवऱ्यासोबत गिरडच्या टेकडीवरचे फोटो पाठवत असते. पण ती खुर्ची भैयाजींच्या डोक्यातून काही उठली नाही.

जागृतीची गोष्ट वेगळी. दहावीत असताना शेजारच्या आनंदाबाई तिमांडेंची गवळाऊ गाय अडली. सेलूच्या डॉक्टरांना यायला उशीर. या पोरीनं मोबाइलवर डॉक्टरांना बोलतं ठेवलं आणि ते सांगतील तसा हात घालून वासरू सरळ करून ओढलं. आनंदाबाई तोवर गाईपेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या. तिथूनच ठरलं, पोरगी ढोरांची डॉक्टर होणार. आणि खरंच नागपूरच्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात तिचा नंबर लागला.

कॉलेजची फी सरकारी स्कॉलरशिपमधून भागणार होती. पण होस्टेल, मेस, जाडजाड पुस्तकं, पांढरा कोट, गमबूट, हे कोण देणार? केळझर-नागपूर रोज ये-जा करावी तर सकाळच्या प्रॅक्टिकलला पहिली एसटीही पोचत नव्हती. महिनाअखेरपर्यंत होस्टेलचे पैसे भरले नाहीत तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती.

मग जागृतीनं चौकातल्या नीलेशच्या ऑनलाइन सेंटरात ठिय्या दिला. एक स्कॉलरशिप सापडली, तिची तारीख परवाच गेलेली. दुसरी फक्त कुठल्याशा कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी. तिसरीवाल्यानं फोनवर गोड बोलून आधी 'प्रोसेसिंग'चे पैसे मागितले. जागृतीनं त्याला विचारलं, "दादा, तुम्ही देनार हाये का घेनार हाये?" त्यानं फोनच ठेवला. चौथी नागपूरच्या एका ट्रस्टची. गरजू घरातल्या मुलींना होस्टेल-मेसचा पूर्ण खर्च, दरवर्षी. ही जमली.

अर्ज भरणं म्हणजे वेगळंच लग्न. ओटीपी यायचा भैयाजींच्या मोबाइलवर, आणि भैयाजी असायचे बासावर. मग वरूनच फोनवर आकडे ओरडायचे, "चार हजार आठशे बारा! आयकू आलं का? चार हजार आठशे बारा!" एकदा खाली कढईपाशी बसलेल्या आचाऱ्याला ती पंगतीची पानं वाटली आणि तो झारा टाकून घरी निघाला होता.

अर्ज गेला. आठवड्यानं ट्रस्टचा फोन आला, तोही भैयाजींनीच घेतला. एक बाई अदबीनं म्हणाली, "बुधवारी सकाळी दहा वाजता आमच्या मॅडम तुमचं घर पाहायला येतील."

पाहायला येतील! झालं. भैयाजी बासावरून असे उतरले, जसा बास त्यांच्याखालून कोणी काढून घेतला.

त्या संध्याकाळी भागीरथाबाई कापूस वेचून घरी आल्या तर नवरा खोलीचं माप घेत होता.

"हे काय करून राह्यले?"

"बुधवारी पाह्यले येनार हायेत."

"कोनाले?"

"घराले. स्कॉलरशिपवाले."

भागीरथाबाईंनी डोक्याचा दुपट्टा सोडला. "अवो, पन ते पैसे गरिबाच्या पोरीले देतेत ना? मंग तुमी श्रीमंती काऊन दाखवून राह्यले?"

भैयाजी हसले. बायकोला व्यवहार समजत नाही, यावर त्यांचा लग्नापासून विश्वास आहे. "तुले नाई समजत. बँक कर्ज कोनाले देते? ज्याच्यापाशी हाय त्याले. देनारा मानूस पह्यले घर पाह्यते, का पैसे बुडनार तं नाई. पौर्णिमाच्या टाइमाले कायच्यानं गेलं? खुर्चीनं. आता खुर्चीवरून माही पोरगी नापास होऊ देनार नाई मी."

जागृती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेलूला चकरा मारत होती. तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, काई नोका करू. घर हाय तसंच राहू द्या."

"हो, हो," म्हणाले भैयाजी. फोन ठेवून बायकोला म्हणाले, "पोरीच्या जातीनं असंच म्हनाव लागते."

बुधवारी सकाळी सातला गल्लीत मिरवणूक निघाली, फक्त वाजंत्री नव्हती. आनंदाबाईंचा फ्रिज भैयाजींच्या पाठीवरून निघाला, मागून मिक्सर, मागून टीव्ही, आणि सगळ्यात मागून आनंदाबाई, "दार नोका उघडू बाप्पा, आत दूध हाय!" असं ओरडत. वासरू जिवंत काढणाऱ्या पोरीसाठी त्यांनी भांडीही दिली, ती मात्र मोजून. नीलेशनं आपली मोटरसायकल दारात आणून लावली. चंद्रभाननं बिछायतीतलं सगळं दिलं, पण अट घालून.

"भैयाजी, सोफा बाराले पाह्यजेन. सेलूले साक्षगंध हाय."

"दहाले येनार, अकराले जानार. तुमाले साडेअकराले सोफा घरपोच."

सोफा साधासुधा नव्हता. तो नवरा-नवरीचा राजा-राणी सोफा होता. लाल मखमल, सोनेरी हात, पाठीवर दोन मोर. टिनांखाली भैयाजींनी गुलाबी साटीनचं छत चुण्या पाडून ताणलं. कोपऱ्यात लग्नातला मोठा कूलर लावला. पोळा कधीच होऊन गेला होता, सकाळी अंगावर काटा येत होता, पण भैयाजींचं म्हणणं, कूलर ही हवेची नाही, इज्जतीची वस्तू आहे.

दहा वाजले. साडेदहा. अकरा. भैयाजी रस्त्याकडे आणि भागीरथाबाई भैयाजींकडे पाहत होत्या. नागपूरची बस रस्त्यात बिघडली होती म्हणे. पावणेबाराला ट्रस्टच्या प्रेरणा मॅडम उतरल्या. तिशीतल्या, खांद्याला पिशवी, हातात अर्जाची फाइल. दारात आल्या आणि थबकल्या.

"ताकसांडेंचं घर हेच ना?"

"हेच, हेच! या, बसा!"

त्या राजा-राणी सोफ्यावर बसल्या. एकट्याच, मधोमध, दोन मोरांच्या बरोबर खाली. कूलर सुरू झाला तसे फाइलमधले कागद उडू लागले. त्यांनी एक हात कागदांवर ठेवला, दुसऱ्यानं ओढणी घट्ट केली.

"छत... पक्कं?" त्यांनी गुलाबी चुण्यांकडे पाहत विचारलं.

"काय म्हनता?" कूलरच्या आवाजात भैयाजींना ऐकू येईना.

"छत! पक्कं आहे का?"

"एकदम पक्कं!"

त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. भैयाजींनी वाकून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. शाळेत चौथीपर्यंतच गेले होते, पण बरोबर कशाला म्हणतात आणि चूक कशाला, तेवढं त्यांना ठाऊक होतं.

"सोफा आहे." खूण. "फ्रिज आहे." खूण. "कूलर..." त्यांनी दात वाजू नयेत म्हणून ओठ मिटले आणि खूण केली. टीव्ही, खूण. मिक्सर, खूण. दारातली मोटरसायकल, खूण.

"सातच्या सात बरोबर!" भैयाजी आत जाऊन बायकोच्या कानात म्हणाले. "पैकीच्या पैकी!"

नेमकी त्याच वेळी जागृती दारात आली. हातात उत्पन्नाचा दाखला, ताजा शिक्का. तिनं मोटरसायकल पाहिली, गुलाबी आभाळ पाहिलं, मोरांखाली कुडकुडणाऱ्या मॅडम पाहिल्या, आणि शेवटी मॅडमच्या मांडीवरचा कागद पाहिला. तिचा चेहरा उतरला.

मॅडमनी दाखला मागितला. वाचला. मग सोफ्याच्या सोनेरी हाताकडे पाहिलं. पुन्हा दाखला वाचला.

"जागृती," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या दाखल्यात आणि या घरात मेळ बसत नाही. आमचे नियम कडक आहेत."

"मॅडम, मी सांगते..."

"पोरीनं मधात बोलू नाई!" भैयाजींनी तिला आत ढकललं. "च्या आन पह्यले." पाहुण्यांसमोर मुलीनं ट्रे घेऊन यायचं, ही रीत त्यांच्या अंगात भिनलेली. जागृती ट्रे घेऊन आली. होस्टेलची खोली हातून जाताना तिला दिसत होती, आणि बापाला लोकांसमोर खोटं पाडायला तोंड उघडत नव्हतं.

मॅडमनी पाण्याचा पेला उचलला. घोट घेतला. पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. आपल्याकडं कोणतं भांडं बिननावाचं असतं?

"चिरंजीव ऋतिक तिमांडे याच्या तिसऱ्या वाढदिवसानिमित्त," त्यांनी वाचलं. "ऋतिक कोण?"

"शेजारचा," भैयाजी म्हणाले.

मॅडमनी बशी उलटी केली. "कै. महादेवराव तिमांडे यांच्या स्मरणार्थ. हे?"

"तेबी शेजारचेच. पन ते वारले."

मॅडमनी ट्रे स्वतःच हातात घेऊन फिरवला. "मोहिनी आणि अण्णाजी, शुभविवाह..."

भैयाजींनी ओळख सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीतून आनंदाबाईंचं डोकं आत आलं. "भैयाजी, फ्रिजचं बटन तं सुरू हाय ना? माह्या सायचं दही होईन बाप्पा! आन मिक्सर द्या पटकन, चटनी वाटाची हाय." मग त्यांना पाहुण्या दिसल्या. "अगंबाई. या मॅडम अजून गेल्याच नाई?"

कूलर घरघरतच होता.

मॅडमनी पेन उचललं. फ्रिजच्या खुणेवर आडवी रेघ मारली. "हा फ्रिज तुमचा?"

"माहाच ना माय. टीव्हीबी माहाच. आमच्या अण्णाजीनं दिवाळीत घेतलता." टीव्हीवर रेघ. मिक्सरवर रेघ. भैयाजी एकेका रेघेला आतून चिरत होते. सातातले चार उरले.

तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न. चंद्रभान घाम पुसत आत आला आणि रीतसर हात जोडून म्हणाला, "ताई, जरा उठता का? सोफा सेलूले नेयाचा हाय. तिकडं नवरदेव उभा हाय."

मॅडम उठल्या. सोफा गेला, मोर गेले. कूलर गेला, तशी खोलीत ऊब आली आणि मॅडमनी ओढणी सैल केली. चंद्रभाननं पुन्हा आत येऊन विचारलं, "साटीनबी काढू का?" उत्तराची वाट न पाहता दोर ओढला. गुलाबी आभाळ भसकन खाली आलं, आणि वर जुनी गंजकी टिनं, भोकांतून दुपारचं ऊन पाडत, उघडी पडली. रेघ, रेघ, रेघ.

एकच खूण राहिली. भैयाजींनी मॅडमच्या पेनाकडे पाहिलं. नीलेश दाराशी येऊन किल्ली मागत होता.

मग भैयाजी, जे आजवर मालकासमोर कधी वाकले नव्हते, जमिनीवर उकिडवे बसले. "मॅडम, एखादी तं राहू द्या. माही चूक हाय, पोरीची नाई. तिनं तं नाई म्हटलतं. पन सातपैकी एकबी बरोबर नसन, तं पोरगी पास कशी होईन?"

मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना कळलं, आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना चटईवर बसावं लागलं.

"काका," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आठ वर्षं मी घरं पाहते आहे. लोकांनी फ्रिजवर चादर टाकून त्याला कपाट म्हटलेलं पाहिलं. गाडी शेजारी लपवलेली पाहिली. एकांनी तर मी येणार म्हणून फरशीवर माती पसरली होती. पण फ्रिज आणून ठेवलेलं घर हे पहिलंच."

"म्हंजे?" भैयाजींनी विचारलं.

"म्हणजे इथं जितक्या खुणा कमी, तितकी मुलगी पास." त्यांनी शेवटच्या खुणेवरही रेघ मारली.

भैयाजी बायकोकडे पाहू शकेनात. भागीरथाबाई काही बोलल्या नाहीत. पण ते न बोलणं त्यांनी पुढं वर्षभर पुरवून वापरलं.

खिडकीतल्या आनंदाबाईंना आता कंठ फुटला. "मॅडम, खुना काई असो. या पोरीनं माही गाय वाचवली. एका हातात मोबाइल आन दुसरा हात गाईच्या पोटात! मी तं भेवानं डोये मिटून घेतलते. हिले डॉक्टर करा, नाईतं माह्या गाईले तोंड दाखवाची सोय नाई."

मॅडमनी जागृतीला समोर बसवलं आणि अर्धा तास विचारलं. त्या वासराचं, कॉलेजचं, होस्टेलचं. जागृतीनं सगळं सांगितलं, बापाचं सोडून. उठताना मॅडमना पुन्हा तहान लागली. तिमांडेंचे पेले परत गेले होते. भागीरथाबाईंनी आतून घरचा गडवा, म्हणजे तांब्या, भरून आणला. मॅडमनी सवयीनं तो फिरवून पाहिला. त्यावरही ठिपके होते.

"कु. जागृती भैयाजी ताकसांडे, तालुका विज्ञान प्रदर्शनी, प्रथम," त्यांनी मोठ्यानं वाचलं. अर्जाच्या तळाशी शेरा लिहिला आणि जाता जाता ऐकवला, "घरात कुटुंबाच्या स्वतःच्या नावाचं एकच भांडं आढळलं. ते मुलीनं मिळवलेलं आहे."

त्यानंतरचे बारा दिवस भैयाजी बासावर चढले, पण वरून एकही हुकूम आला नाही. आचारी निर्धास्त झाले. तेराव्या दिवशी मंडप अर्धा बांधून झाला असताना मोबाइल वाजला. खालच्या लोकांना फक्त एवढं दिसलं, की भैयाजींच्या दातांतली सुतळी सुटली आणि मंडपाची एक बाजू हळूहळू खाली बसली. वरून आवाज आला, "पास झाली! एकबी बरोबर नाई, तरी पास झाली!"

आता गल्लीत कोणाकडे असे घर पाहायला येणारे असले की लोक सल्ल्याला भैयाजींकडेच येतात. सल्ला एकच. "घर झाडा, पानी ठेवा, आन तोंड बंद ठेवा." शेवटचं कलम त्यांच्या तोंडून ऐकताना भागीरथाबाई उठून आत जातात.

पण स्वभावाला औषध नाही. जागृती नागपूरला निघाली त्या सकाळी बसस्टॉपवर लोकांना वेगळंच दृश्य दिसलं. रस्त्याच्या कडेला लाल गालिचा, गालिच्यावर राजा-राणी सोफा, सोफ्यावर दोन मोरांखाली लाजेनं लालबुंद झालेली जागृती, मांडीवर घरचा गडवा, बाजूला पत्र्याची पेटी आणि नवे गमबूट. पौर्णिमा समुद्रपूरहून आली होती, तिला भैयाजींनी हाताला धरून जागृतीशेजारी बसवलं. "बस. तुही खुर्ची राह्यली होती," एवढंच म्हणाले. आनंदाबाईंनी सायीचं तूप बांधून दिलं. चंद्रभाननं या वेळी सोफ्याला वेळेची अट घातली नव्हती.

एसटी थांबली. कंडक्टरनं दारातून वाकून सोफा पाहिला, गालिचा पाहिला.

"नवरी दिसते," तो म्हणाला. "नवरदेव कुठं हाय?"

"नवरी नाई, डॉक्टर हाय," पेटी टपावर चढवायला आधीच शिडीवर पोचलेले भैयाजी वरूनच ओरडले. "ढोराची! तिले खिडकीजवळ जागा देजो."